भट्टीबाईचा चिमटा

माझ्या नणंदबाई कापड जाळतात आणि त्याबद्दल त्यांना पगार मिळतो. मी बाजारातल्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या खिडकीशी बसून रफू करते. म्हणजे जळलेलं, फाटलेलं, उंदरांनी कुरतडलेलं कापड असं सांधते की भोक कुठे होतं ते कापडाच्या मालकालाही सापडू नये. लग्नानंतर ताईंनी पहिल्यांदा आपलं काम मला समजावून सांगितलं, तेव्हाच मी ह्यांना म्हटलं होतं, "तुमच्या बहिणीचं आणि माझं काही जमायचं नाही." हे हसले. मी थट्टा करतेय असं ह्यांना वाटलं.

काम काय ते सांगते, म्हणजे तुम्हीच ठरवा. ताई एका संशोधन संस्थेत भट्ट्या सांभाळतात. तिथे सगळे त्यांना भट्टीबाई म्हणतात आणि त्यांना ते आवडतंही. कापूस, ताग, जवसाचे धागे, कधी विणलेलं सुती कापड, जे काही झाडापासून आलेलं असेल ते आधी उकळून स्वच्छ करायचं. मग धातूच्या क्षाराच्या पाण्यात भिजत ठेवायचं. ते पाणी धाग्याच्या अगदी आतपर्यंत मुरतं. मग वाळवायचं आणि भट्टीत घालून हळूहळू तापवायचं. धागा जळून नाहीसा होतो आणि मागे उरतं ते पांढरंशुभ्र, चिनी मातीच्या जातीचं काहीतरी, पण हुबेहूब त्या धाग्याच्या आकाराचं आणि आतून पोकळ. ते ज्या कणांचं बनलेलं असतं, ते कण इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील. कारखान्याचा धूर गाळायला, पाण्यातली घाण मोडायला असलं कापड उपयोगी पडतं म्हणे.

"एवढी बारीक रचना माणसाला हातानं करता येत नाही, वहिनी," ताई म्हणाल्या होत्या. "झाडानं ती आधीच करून ठेवलीय. आपण फक्त उसनी घ्यायची."

"उसनी घ्यायची आणि जाळायची," मी म्हटलं.

"हो," ताई शांतपणे म्हणाल्या. त्यांना टोमणा म्हणून लागत नाही. माझ्या डोक्यात जाणारं त्यांचं हे पहिलं लक्षण.

दुसरं म्हणजे सावकाशी. ताई घरातल्या थोरल्या. सासरे लवकर गेले, तेव्हा कॉलेज अर्धवट सोडून त्या संस्थेत काचेची भांडी धुवायला लागल्या. धुता धुता बघितलं, बघता बघता शिकल्या, आणि धाकट्या भावाचं, म्हणजे ह्यांचं, शिक्षणही त्यांनीच केलं. तरुणपणी एकदा भट्टीचं दार लवकर उघडलं आणि डावी भुवई अर्धी जळाली. ती पुन्हा नीट उगवलीच नाही. तेव्हापासून 'घाई' हा शब्द त्या शिवीसारखा वापरतात. भट्टी पटकन तापवली तर कापड भडकतं आणि आकार हातचा जातो, हे खरंच आहे. पण ताई जेवतातही त्याच हिशोबाने. भांडण तर इतकं सावकाश करतात की समोरचा कंटाळून माफी मागतो. लग्नासाठी स्थळं आली होती. ताईंनी प्रत्येकाला मंद आचेवर ठेवलं आणि ती एकेक करून आपणच विझली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, संस्थेपासून हाकेच्या अंतरावर, त्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. खोल्यांत भांडी कमी आणि बरण्या जास्त, आणि बरण्यांमध्ये तऱ्हेतऱ्हेचा कापूस.

इथपर्यंत मी सगळं आदराने सांगू शकते. चार लोकांत सांगतेही. पण भुंगीचा विषय निघाला की माझा आदर पातळ होतो.

भुंगी म्हणजे माझी मुलगी, एकुलती एक. पाळण्यात असताना सारखी गुणगुणायची म्हणून भुंगी. तिच्या जन्मानंतर मी बरेच महिने अंथरुणाला खिळून होते आणि ताईंनी रजा काढून बाळाचं सगळं केलं. उपकार आहेत, मी नाकारत नाही. पण तो उपकार दर रविवारी दारात येऊन उभा राहत असेल, आणि चप्पल काढायच्या आत तुमची मुलगी धावत जाऊन त्याला बिलगत असेल, तर माणसाने किती वर्षं हसतमुख राहायचं? मी स्वयंपाकघरातून बघायची आणि माझ्या पोटात दुखायचं. वाक्य "आत्या म्हणते" असं सुरू झालं की नाकाला मिरच्या झोंबायच्या. आत्या म्हणते दूध थंड प्यावं. आत्या म्हणते ढगांनाही वजन असतं. एकदा मी ताप आलेल्या भुंगीच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते, तर ही अर्धवट झोपेत म्हणाली, "आत्या म्हणते, ताप हळूहळू उतरला पाहिजे." मी पट्टी इतक्या जोरात पिळली की उशी भिजली.

मग मीही कंबर कसली. भुंगी दहाएक वर्षांची झाली तशी मी तिला शाळेनंतर दुकानात बसवायला लागले. खिडकीजवळ माझ्या शेजारी एक खुर्ची ठेवली आणि मालकांकडून वचन घेतलं की मुलगी मोठी झाली की ही खुर्ची तिची. शिकायला ती हुशार होती. उभा धागा, आडवा धागा, एकाच्या वरून, एकाच्या खालून. लवकरच तिचे टाके माझ्या टाक्यांना लागून बसायला लागले. खोड एकच होती. सुई ती वरून धरायची, मनगट उंच उचलून, जसं काही कापड पेटलेलं आहे आणि बोटं भाजतील. ताई चिमटा तसा धरतात. मी तिच्या मनगटावर टिचकी मारायची आणि म्हणायची, "ही भट्टी नाही, सदरा आहे. खाली घे हात." ती हात खाली घ्यायची. मी दोरा ओवायला वळले की हात पुन्हा वर.

यंदा तिची शाळा संपली आणि संस्थेत प्रशिक्षणाच्या दोन जागा निघाल्या. एक इथली, ताईंच्या हाताखाली. दुसरी संस्थेच्या दूरच्या शहरातल्या मोठ्या कारखान्यात. तिचा विचारही आमच्यापैकी कुणी केला नव्हता. उमेदवाराने स्वतः एक तुकडा बनवून दाखवायचा, तो बघून प्रमुख बाई निवड करणार. निवड झाली तर भुंगी ताईंच्या दोन खोल्यांत राहायला जाणार, कारण आमच्या घरून रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं. हे सगळं जेवताना ठरलं. हे म्हणाले, "उत्तम!" ताई सावकाश हसल्या. मी मूग गिळून गप्प बसले आणि डोळ्यांपुढे ती रिकामी खुर्ची आली. तिला सगळं शिकवलं मी, आणि आता ती जाणार कुणाकडे, तर जिने तिला सुईसुद्धा धड धरू दिली नाही तिच्याकडे.

एका सकाळी भुंगी म्हणाली, "आई, मला एक जुनं कापड देशील? पूर्ण सुती. दोरासुद्धा सुती पाहिजे, दुसरा असला तर वितळतो."

"कशाला?"

"जाळायला."

बघा. आईकडे मागायचं, ते जाळायला. अंगाचा तिळपापड झाला, पण मी कपाट उघडलं. निळ्या चादरीचा एक कोपरा काढला. त्या कोपऱ्यात मी कधीतरी रफू केलं होतं, त्याच चादरीचा धागा काढून, त्यामुळे रंगात तसूभर फरक नव्हता. मुद्दाम तोच दिला. म्हटलं, हिच्या आत्याच्या भट्टीत जायचंच आहे तर माझ्या हातचं काहीतरी घेऊन जाऊ दे. भुंगीने कापड उजेडाकडे धरलं, रफू तिला सापडलं नाही, आणि ती घडी करून निघून गेली.

निवडीच्या दिवशी मी दुकानातून लवकर निघाले. मनात एकच होतं: प्रमुख बाईंसमोरच सांगायचं की माझ्या मुलीला नोकरी आहे, खुर्ची तयार आहे, तिला इथे ठेवायचं नाही. बोलायची वाक्यं मी वाटेतच पाठ केली होती. संस्थेच्या दारात पायांवर कागदी पिशव्या चढवायला लावल्या. लांबलचक मार्गिका, दोन्ही बाजूंना काचेची दारं, ओल्या कापडाचा आणि जळक्या साखरेसारखा वास. ताईंच्या खोलीत भिंतीला लागून तीन भट्ट्या, एक वाळवायचं कपाट, एक उंच स्टूल. ताई पाठमोऱ्या उभ्या राहून भट्टीवरचे आकडे बघत होत्या. भुंगी प्रमुख बाईंना आणायला गेली होती.

"आलीस? बरं झालं," ताई मान न वळवता म्हणाल्या. "टेबलावर आहे बघ. तिचा तुकडा."

काचेच्या ताटलीत तो ठेवलेला होता. दिलेल्या कापडातला हातभर तुकडा पंजाएवढा झाला होता. निळा रंग कुठल्या कुठे गेलेला. पण धागा अन् धागा जागच्या जागी. चादरीची किनारसुद्धा जशीच्या तशी, फक्त लहान. आणि कोपऱ्यात माझं रफू. रंगामागे मी ते इतकं लपवलं होतं, आणि रंगच गेल्यावर ते उघडं पडलं होतं, शेजारच्या विणीपेक्षा जरासं उंच, एकेक टाका मोजून घ्यावा असं. आयुष्यभर मी न दिसणारं काम केलं. दिसलं तर चुकलं, असा माझा धंदा. तिथे उभी राहून मी पहिल्यांदा माझं काम बघत होते आणि ते चांगलं होतं. फार चांगलं होतं हो!

मग रफूवाली जे करते ते मी केलं. वीण बघायची तर कापड दोन्ही अंगठ्यांवर घेतात आणि हलकेच ताणतात, म्हणजे उभे-आडवे धागे मोकळे होऊन दिसतात. हात आपोआप जातात, विचारून जात नाहीत. मी तुकडा उचलला आणि ताणला.

आवाजसुद्धा झाला नाही. माझ्या बोटांत पांढरी पिठी उरली. थोडी ताटलीत पडली, थोडी माझ्या कुडत्यावर. कापड म्हणून बघितलेलं ते कापड नव्हतंच, हे माझ्या डोक्याला कळत होतं. अंगठ्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ताई वळल्या. त्यांनी ताटली बघितली, माझी बोटं बघितली. त्या काही बोलायच्या आत दार उघडलं आणि भुंगी आत आली, तिच्यामागून प्रमुख बाई. भुंगीच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच गोठलं.

"माझ्याकडून गेलं," ताई म्हणाल्या. "कोपर लागलं माझं."

आता सांगा. इतकी वर्षं ह्या बाईच्या हातून तिथे एक काचही फुटलेली नाही, सगळ्या संस्थेला ते माहीत आहे. दुसरी कुणी असती तर तिचे आभार मानून मोकळी झाली असती. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. माझं बाळ हिने घेतलं, माझे रविवार घेतले, मुलीची बोटं घेतली, आणि आता माझी चूकसुद्धा हिलाच हवी! भुंगीच्या डोळ्यांत आत्या पुन्हा मोठी आणि मी कोण, तर कुडत्यावर पिठी सांडून कोपऱ्यात उभी असलेली बाई!

"खोटं आहे!" मी ओरडले. "मी फोडलं. माझ्या हाताने."

"वहिनी, राहू दे ना."

"का राहू दे? कोपर कुठे लागलं तुमचं? दाखवा!"

"माझ्या खोलीत झालं म्हणजे माझीच जबाबदारी—"

"खोली तुमची असेल, हात माझे होते!"

प्रमुख बाई चष्मा काढून पुसायला लागल्या. आम्ही दोघी, एक पन्नाशीची आणि एक तिच्या मागोमाग पन्नाशी गाठणारी, फुटलेल्या तुकड्यावरून हमरीतुमरीवर आलो होतो. पाठ केलेली वाक्यं मी पार विसरले. भुंगी आमच्याकडे बघत होती, एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे. प्रमुख बाईंनी तिला सांगितलं, "दुसरा बनव. पुढच्या आठवड्यात बघते," आणि त्या निघून गेल्या.

भुंगीने पिशवीतून निळ्या चादरीचा उरलेला तुकडा काढला. त्यात रफू नव्हतं. तिने ब्लेडने मधोमध छोटं भोक पाडलं, आणि आम्हाला दोघींना बाहेर जायला सांगितलं. मी आणि ताई मार्गिकेतल्या बाकावर बसलो, मध्ये एक माणूस मावेल इतकी जागा सोडून. काचेतून आत दिसत होतं.

मग ताई म्हणाल्या, "चिमटा कसा धरलाय ते बघ."

भुंगी ते भोक भरत होती, चिमट्याने धागा उचलून, एकाच्या वरून, एकाच्या खालून. चिमटा तिने बोटांच्या टोकांत आडवा धरला होता, सुई धरतात तसा. मान डावीकडे कललेली, खालचा ओठ दातांत. धागा वाकडा गेला की ओठ हलत. काचेतून ऐकू येत नव्हतं, पण मला शब्द माहीत होते. "चल गं बाई, सरळ चल." मी म्हणते ते.

"चिमटा वरून धरायचा असतो, मनगट उचलून, नाहीतर भाजतं," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "किती वेळा सांगितलं. एकदा ओरडलेसुद्धा मी तिच्यावर. नाही सुटत. सगळं मी शिकवलं, वहिनी. पाणी कसं कालवायचं, किती मुरवायचं, भट्टी कशी लावायची. आणि कामाला बसली की मला तिथे तू बसलेली दिसतेस. माझ्या खोलीत, माझ्या स्टुलावर, तू. इतका राग येतो ना मला तुझा."

हे बोलताना त्यांची ती अर्धी भुवई थरथरत होती. इतक्या वर्षांत मी त्यांना घाईने बोलताना पहिल्यांदा ऐकलं. आणि मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. मला वाटत होतं जळतेय ती मीच एकटी. ही बाई दर रविवारी आमच्या दारात येताना पोटात तेच घेऊन येत होती, आणि मला कळू दिलं नव्हतं. मी बाकावर जरा त्यांच्याकडे सरकून बसले.

पुढच्या आठवड्यात नवा तुकडा भट्टीतून अखंड निघाला. निवडीच्या दिवशी आम्ही दोघीही गेलो नाही, तसं ठरवूनच. संध्याकाळी ताई आमच्याकडे आल्या. मी चहा ठेवला, हे खुर्ची ओढून बसले, आणि भुंगीने पिशवी खाली ठेवून सांगितलं, "निवड झाली."

ताई उठायला लागल्या, तिला जवळ घ्यायला. मीही उठायला लागले.

"बसा दोघी," भुंगी म्हणाली. "बाईंनी विचारलं, इथली जागा हवी की तिकडची. मी तिकडची मागितली."

"तिकडे कोण आहे तुझं?" मी म्हटलं. ताईंनीही तेच म्हटलं, माझ्या एक क्षण मागून.

"कुणी नाही. म्हणूनच." ती रडत नव्हती, पण बोलणं तिला जड जात होतं. "आई, तुम्ही फुटलेल्या तुकड्यासाठीसुद्धा भांडलात. कुणी फोडला, कुणी फोडला. तुकडा माझा होता. मला वाईट वाटलं का, हे तुम्हा दोघींपैकी एकीनंही विचारलं नाही."

चहा उतू गेला. कुणी उठलं नाही.

ती गेली त्याला आता बरेच दिवस झाले. एका घरात खोली घेऊन राहते. घरमालकीण म्हातारी आहे, प्रेमळ आहे, भुंगीला रोज स्वतःच्या हाताने वाढते म्हणे. फोनवर भुंगी सांगते, "काकू म्हणतात, केस मोकळे ठेवू नकोस." ताईंना आणि मला ती बाई डोळ्यांसमोर नको झाली आहे. एकमेकींना फोन करून आम्ही तिला पोटभर नावं ठेवतो. या बाबतीत आमचं उत्तम जमतं.

गेल्या रविवारी ताई घरी न येता थेट दुकानात आल्या. रविवारी दुकान बंद असतं, पण साचलेलं काम उरकायला मी मागच्या दाराने जाऊन बसते. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग खिडकीजवळच्या त्या खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीवर मी आजवर कुणाची पिशवीसुद्धा ठेवू दिली नव्हती.

"मला शिकव," त्या म्हणाल्या. "रविवार जात नाही."

मी त्यांना एक फाटकी बाही दिली आणि सुई ओवून दिली. ताईंनी सुई उचलली, वरून, मनगट उंच करून, कापड पेटलेलं असावं आणि बोटं भाजतील अशी. टिचकी मारायला माझा हात सवयीने पुढे गेला. तो मी मागे घेतला आणि बघत बसले.

ताईंना कळलं मी बघतेय ते. "चुकतंय का गं?"

"हो," मी म्हटलं. "चुकतंय. पण तसंच धरा, ताई. बदलू नका."